कचेरी नसलेलं सरकार

शीळफाट्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास टेम्पोचा आरसा रिक्षाला घासला की पुढे जे होतं, ते नीट पाहावं. पहिली दोन मिनिटं एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार. मागे कल्याणच्या दिशेनं भोंग्यांची रांग. मग घोळक्यातून एक जण पुढे येतो. अंगावर गणवेश नाही, हातात शिट्टी नाही. तो दोघांकडे बघतो, आरशाकडे बघतो आणि म्हणतो, "तू तीनशे दे, तू गाडी बाजूला घे, विषय संपला." आणि खरोखरच विषय संपतो. आपण याला मांडवली म्हणतो आणि वर नाक मुरडतो. मला मात्र दर वेळी नवल वाटतं. या माणसाला निवाडा करायचा अधिकार कोणी दिला? आणि त्या दोघांनी तो का मानला?

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. सरकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते, झेंडा येतो, शिक्का येतो. पण परकी सत्ता उलथून टाकायला निघालेल्या माणसांकडे यातलं काहीच नसतं. इमारत शत्रूची, शिक्का शत्रूचा, तुरुंगही त्याचाच. मग त्यांनी सरकार उभारायचं कशातून? लोकांची भांडणं आपल्याकडे वळवून, असं एक उत्तर आहे, आणि ते आपल्याच मुलखात एकदा करून पाहिलेलं आहे.

फाट्यावर उभं राहून मान वर केली की विजेचे उंच मनोरे दिसतात. पायाखालून आता वांद्रे-कुर्ला संकुलापासून इथपर्यंत २१ किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा बोगदा येतोय, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. सरकार वरही आहे आणि खालीही. पण मला सांगायचंय ते मनोऱ्यांविषयी. गंमत अशी की शीळफाटे दोन आहेत. एक आपला, दुसरा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. घाटावर साठवलेलं पाणी नळांतून खाली सोडायचं, त्यावर वीज करायची आणि ती मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना पोचवायची. कर्जत आणि कल्याणच्या मुलखातल्या माणसांनी ती वीज डोक्यावरून जाताना पाहिली. त्यांच्या घरात मात्र रॉकेलची चिमणी होती.

१९४२ च्या पावसाळ्यानंतर हे मनोरे पडू लागले. पाडणाऱ्यांचं नाव होतं आझाद दस्ता आणि त्यांचा म्होरक्या होता माथेरानचा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. नाभिक घरात जन्मलेला, शिकून वकील झालेला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आलेला. लोक त्याला भाई म्हणत. मनोरा पाडला म्हणून तो इतिहासात राहिला, पण त्याआधी त्यानं जे केलं ते मला जास्त विलक्षण वाटतं. त्यानं खेड्यांत शाळा चालवल्या. पावसाळ्यात सावकाराकडून दीडपट-दुपटीनं भात उचलावं लागू नये म्हणून धान्याच्या पेढ्या काढल्या. म्हणजे मनोऱ्याला करवत लावण्याआधीच लोकांच्या कणगीपर्यंत त्याचा हात पोचला होता. म्हणून तर रानातल्या माणसांनी त्याला लपवलं, भाकरी दिली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथंच पडले. त्यांच्या हातून सरकार उभं राहिलं नाही. तेवढा वेळच मिळाला नाही.

वेळ मिळाला तो साताऱ्याला.

साताऱ्यातही सुरुवात इमारतीपासूनच झाली होती. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये तालुक्यातालुक्यातून माणसं मामलेदार कचेऱ्यांवर चालून गेली. तासगावला ३ सप्टेंबरला मोर्चानं कचेरीवर तिरंगा लावला आणि मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावली. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजला गोळीबार झाला आणि ९ माणसं गेली. धडा कळायला एवढं पुरेसं होतं: कचेरी ताब्यात घेता येत नाही. बरं, घेतली तरी त्यात बसून करायचं काय? सारा गोळा करणारा तलाठी तर त्यांचाच.

इथं या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र येतं. नाना पाटील. जन्म ३ ऑगस्ट १९००, गाव येडे मच्छिंद्र. उंचापुरा गडी, आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरज नाही. आणि हा माणूस मूळचा तलाठी होता! १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली. तलाठी म्हणजे सरकारचं सगळ्यात खालचं टोक, जिथं कागद आणि माती एकमेकांना भेटतात. कुणाचा बांध कुणी कोरलाय, कुणाची सही खोटी आहे, कुणाचं शेत सावकारानं कसं गिळलं, हे गव्हर्नरला कुठून कळणार? ते कळतं तलाठ्याला. सरकार कसं चालतं हे आतून पाहिलेल्या माणसानं सरकार उभारायला घ्यावं, यात एक खास चव आहे.

१९४३ ते ४६ या काळात आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या दीडशेहून अधिक गावांत त्यांचं प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर सरकार, चाललं. त्याला पत्ता नव्हता. रात्री कुणाच्या तरी मळ्यात, उसाच्या फडाच्या कडेला, कंदिलाच्या उजेडात पंच बसायचे. बांधाचा तंटा, भाऊबंदकीची वाटणी, टाकलेल्या बायकोची पोटगी, सावकाराचा फुगलेला हिशेब. त्याच दिवसांत त्याच गावांपासून दहा-वीस मैलांवर ब्रिटिश कोर्टं उघडी होती, न्यायाधीश वेळेवर येऊन बसत होते. माणसं मात्र मळ्यात येत होती. कोर्टात तारखा पडतात आणि वकील खातात हे कारण खरंच. पण एवढ्यानं माणूस आपलं भांडण अनोळखी तरुणांच्या हाती देत नाही.

तर का दिलं? इथं परंपरा हा शब्द येतो, आणि तो जरा जपून वापरायला हवा. पंच, चावडी, गावकी ही जुनी सोय होतीच. देवळात जाऊन बेलभंडारा उचलला की शब्द पक्का, हेही जुनंच. पण साताऱ्याच्या मातीत याच्या जोडीला आणखी एक थर होता, आणि तो जेमतेम पन्नास-साठ वर्षांचा होता: सत्यशोधकांचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, आणि पुढे या भागात तो खेड्याखेड्यांत भिनला. तमाशाच्या अंगानं जाणारे सत्यशोधकी जलसे, भटजीवाचून लागणारी लग्नं, सावकार-जमीनदारांविरुद्धचा राग. प्रतिसरकारनं जी 'गांधी लग्नं' लावली, म्हणजे हुंडा नाही, मानपान नाही, चारचौघांच्या साक्षीनं हार घातले की झालं, ती गांधींच्या नावानं ओळखली गेली तरी त्यांची वाट सत्यशोधकांनी आधीच मळून ठेवली होती. प्रतिसरकारातल्या जी. डी. लाड यांचं स्वतःचं लग्नही असंच लागलं. म्हणजे 'परंपरेच्या आधारावर उभं राहिलं' म्हणावं, तर त्यातली निम्मी परंपरा आज्यांच्या हयातीत तयार झालेली होती. मला वाटतं परंपरा बहुतेक वेळा अशीच असते. जुनी दिसते, पण हात लावला तर रंग अजून ओला.

आणि मग काठी.

प्रतिसरकारला लोक 'पत्री सरकार' म्हणत, अजूनही म्हणतात. या एका अक्षराच्या घसरणीत अख्खं राज्यशास्त्र आहे. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्री मारतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल: बैलाला दोरानं आडवं पाडतात, चारी पाय बांधतात आणि खूर वर करून पत्री ठोकतात. प्रतिसरकारची शिक्षा दिसायला तशीच होती. खबऱ्या, दरोडेखोर, बाईवर हात टाकणारा, ऐकत नसलेला सावकार, याला आडवं पाडायचं, पाय बांधायचे आणि तळव्यांवर काठी चालवायची. काहींना खरोखरच पत्र्या ठोकल्या अशी दंतकथा झाली. चळवळीतल्या जाणत्या माणसांनी ती नाकारली. पण दंतकथेचं काम दंतकथेनं केलं. पोलीस पाटलाला रात्री झोप लागेना.

या सरकारला सैन्य होतं, तुफान सेना, आणि तिचं केंद्र कुंडल. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रुळांवर दगडांची रास घालून रेल्वे नोकरांच्या पगाराची गाडी लुटली. १४ एप्रिल १९४४ ला थेट खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ, सरकारी खजिन्याची साडेपाच लाखांची रक्कम उचलली, त्यात जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी होते. करवसुलीची सोय नसलेलं सरकार दुसऱ्या सरकारच्या करावर चालतं, असं म्हणू या. ज्यांची ती तिजोरी होती त्यांचे आजोबा-पणजोबाही काही हात जोडून मागायला आले नव्हते.

आता नकाशा काढा आणि कुंडलवर बोट ठेवा. कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हतंच. ते औंध संस्थानात होतं.

औंध म्हणजे विखुरलेली ७२ खेडी. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी: चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्कारांचे एवढे वेडे की त्यावर पुस्तक लिहिलं, शाळांत मुलांना नमस्कार घालायला लावले. त्यांनीच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, त्याची किर्लोस्करवाडी झाली. त्यांचा मुलगा अप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून आला. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा अभियंता भगवे कपडे घालून हिंदुस्थानात वावरत होता, तो या बापलेकांना भेटला. तिघे गांधीजींकडे गेले आणि २१ जानेवारी १९३९ ला राजानं आपलं राज्य कायद्यानं रयतेला देऊन टाकलं. पंचायती निवडून आल्या, न्याय गावात आला, कैद्यांना भिंतीवाचून ठेवणारी वसाहत आटपाडीजवळ उभी राहिली. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या सिनेमामागची प्रेरणा तीच. चार वर्षांनी भूमिगत माणसं कुंडलच्या आसपास आसरा शोधत होती तेव्हा त्यांना सापडलेली जमीन अशी होती: पंचायतीत बसून निवाडा करायची सवय लागलेली, आणि ब्रिटिश पोलिसांना दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकताना विचार करावा लागणारी. एका बाजूला राजानं वरून दिलेलं स्वराज्य, दुसऱ्या बाजूला पोरांनी खालून काठीनं मिळवलेलं. दोन्ही एकाच शिवारात.

आणि आता जे सांगतो ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

औंध ८ मार्च १९४८ ला विलीन झालं. संस्थान उरलं नाही, म्हणून नेहरूंनी अप्पासाहेब पंतांना त्याच वर्षी स्वतंत्र भारताचा पहिला आयुक्त म्हणून पाठवलं. कुठं? नैरोबीला. औंधचा राजपुत्र केनियात उतरला, आणि चार वर्षांत तिथं इंग्रजांविरुद्ध माऊ माऊंचं बंड पेटलं.

केनियातला गिकुयू शेतकरी आपल्या दोडक्या-नाचणीच्या शेतकऱ्यापेक्षा फार वेगळा नव्हता. डोंगरउतारावरची सुपीक जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी घेतली, आणि जमिनीचा धनी आपल्याच जमिनीवर मजूर झाला. त्यांचा पुढारी जोमो केन्याटा. हा गृहस्थ १९३० च्या दशकात लंडनमध्ये मालिनोव्स्की या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाकडे शिकला, आणि १९३८ साली 'फेसिंग माउंट केनिया' हे पुस्तक लिहिलं. विषय काय? आपल्याच जमातीच्या चालीरीती. जमीन कुणाची, म्हाताऱ्यांची पंचायत कशी बसते, भांडणात शपथ कशी घेतात. साम्राज्याच्या राजधानीत बसून, साम्राज्याच्याच शास्त्राच्या भाषेत, 'आमच्याकडे तुमच्या आधीपासून सरकार होतं' असं सिद्ध करणारं ते पुस्तक.

त्या शपथेकडे लक्ष द्या. जुन्या रिवाजात गिकुयू शपथ उघड्यावर, दिवसाढवळ्या, भांडणाची तड लावायला घेतली जायची. बोकडाच्या जिवावर शब्द द्यायचा. खोटं बोललास तर शपथच तुला खाईल. आपल्या बेलभंडाऱ्याची सख्खी चुलत बहीण. १९५० च्या आसपास ही शपथ बदलली. ती रात्री घेतली जाऊ लागली. बायकाही घेऊ लागल्या. केळीच्या पानांच्या कमानीतून जायचं, मांसाला आणि मातीला स्पर्श करायचा, आणि जमीन गोऱ्याला विकणार नाही, आपल्या माणसाला दगा देणार नाही असं म्हणायचं. कुणी स्वखुशीनं घेतली, कुणाला मानगूट धरून दिली. जुन्या जाणत्यांना हे रिवाजाला सोडून वाटलं, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. ओला रंग इथंही.

२० ऑक्टोबर १९५२ ला आणीबाणी जाहीर झाली, त्याच रात्री केन्याटा पकडले गेले. खटला कापेंगुरिया नावाच्या दूरच्या गावात चालला. बचावाच्या वकिलांत नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल होते, आणि मूळचे गोव्याचे फिट्झ डिसूझा. इकडे नैरोबीतले गोरे वसाहतवाले अप्पासाहेबांच्या नावानं बोटं मोडत होते: हा माणूस आफ्रिकी पुढाऱ्यांना घरी जेवायला बोलावतो, त्यांच्या मुलांना दिल्लीला शिकायला पाठवतो, हा राजनैतिक अधिकारी नव्हे, चिथावणीखोर आहे. १९५४ साली अप्पासाहेबांना तिथून हलावं लागलं. मला राहून राहून वाटतं, नैरोबीच्या बंगल्यात बसून माऊ माऊच्या बातम्या वाचताना त्यांना कुंडलचे उसाचे फड आठवले नसतील काय?

सरकारी बाजूची गंमत तर आणखी न्यारी. गिकुयूंच्या शपथेची ताकद इंग्रज अधिकाऱ्यांना एवढी पटली की त्यांनी ती 'उतरवण्यासाठी' आपले मांत्रिक नेमले. गावागावांत सरकारी खर्चानं शुद्धीचे विधी झाले. अधिकारीच थट्टेनं त्यांना 'राणीसाहेबांचे मांत्रिक' म्हणायचे. ज्या साम्राज्याचा दावा होता की आम्ही यांना अंधश्रद्धेतून बाहेर काढायला आलोय, ते साम्राज्य बोकड आणि पाचोळा घेऊन बसलं! निवाड्याचा अधिकार कुठून येतो हे त्यांनाही कळलं होतं.

गमतीच्या पुढे मात्र रक्त आहे, आणि ते दोन्हीकडचं. २६ मार्च १९५३ च्या रात्री लारी गावात माऊ माऊंनी सरकारशी एकनिष्ठ असलेल्या गिकुयूंची घरं माणसांसकट जाळली; पाठोपाठ सूड म्हणून त्याहून जास्त माणसं मारली गेली. युद्धभर मारले गेलेले गोरे वसाहतवाले ३२. सरकारनं फासावर चढवलेले आफ्रिकी १,०९०. छावण्यांत डांबलेल्यांची तर मोजदादच अवघड. त्या छळाबद्दल ब्रिटनच्या सरकारनं ६ जून २०१३ ला ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची भरपाई मान्य केली.

आणि स्वातंत्र्य आल्यावर? १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला, राज्य केन्याटांच्या हाती आलं. रात्रीच्या शपथांवर वाढलेल्या त्या लढ्याचं नाव नव्या सरकारनं लवकरच अडचणीचं ठरवलं, आणि माऊ माऊवरची वसाहतकाळातली बंदी तशीच राहू दिली. चाळीस वर्षं! ती उठली २००३ साली. मूळ गोव्याचे पियो गामा पिंटो, ज्यांनी तरुणपणी मुंबईत आणि गोव्याच्या चळवळीत काम केलं, मग केनियात परतून इंग्रजांच्या छावणीत वर्षं काढली, त्यांना स्वतंत्र केनियाच्या राजधानीत, स्वतःच्या घराच्या दारात, २४ फेब्रुवारी १९६५ ला गोळ्या घातल्या. मोटारीत त्यांची लहान मुलगी होती. जमीन जंगलात लढलेल्यांना मिळाली पाहिजे, असं ते संसदेत आणि बाहेर बोलत होते.

झिंबाब्वेतल्या एका मोहिमेचं तर नावच अंगावर काटा आणतं. तिथल्या लढवय्यांनी १९७० च्या दशकात पूर्वजांचं वारं अंगात येणाऱ्या भगतांचा आशीर्वाद घेतला, त्यांनी घातलेली पथ्यं रानात पाळली. १८९८ साली इंग्रजांनी फाशी दिलेली नेहांदा त्यांची देवता झाली. १९८० ला राज्य आलं. तीनच वर्षांनी त्या राज्याची खास पलटण माताबेलेलँडमध्ये एन्देबेले लोकांवर सोडली गेली. मेलेल्यांचे अंदाज वीस हजारांपर्यंत जातात. त्या मोहिमेचं नाव 'गुकुराहुंदी': पेरणीच्या पावसाआधी येऊन खळ्यातला भुसा धुऊन नेणारा पाऊस. वळवाला आपण किती प्रेमानं नाव देतो! शेतकऱ्याच्या तोंडचा असाच एक शब्द, आणि त्यात भुसा म्हणजे शेजारची माणसं.

असं आपल्याकडे का झालं नाही? आपण फार सोशिक आणि सात्त्विक, हे उत्तर मला चालत नाही. आडवं पाडून तळवे फोडणारी माणसं सात्त्विक नसतात, आणि पत्रीच्या नावाखाली कुणी जुने हिशेब चुकते केलेच नसतील असं समजणं भोळेपणा आहे. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर याच सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जळली. ते प्रतिसरकारचं कृत्य होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या गावाला एका हाकेसरशी गोळा व्हायची सवय लागलेली असते, ते गाव कुणाच्याही हाकेला गोळा होऊ शकतं, एवढं ध्यानात ठेवावं. एकी ही अर्धीच गोष्ट असते. ती कुणाविरुद्ध, ही उरलेली अर्धी.

मला वाटतं कारण बरंच रुक्ष आहे. १९४६ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, भूमिगतांवरची वॉरंटं मागे घेतली गेली, आणि रात्रीची पोरं दिवसा रस्त्यावर आली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. प्रतिसरकारला स्वतःचं राज्य मोठं करत न्यायची वेळच आली नाही, कारण एक आयतं मोठं राज्य बाजूला उभं होतं: कलेक्टर, फौजदार, मामलेदार, सगळ्या लवाजम्यासकट. त्यानं मळ्यातल्या पंचांना नमस्कार केला, पुढे मानपत्रं आणि निवृत्तिवेतनं दिली, आणि भांडणं परत कोर्टात नेली. तारखा पुन्हा पडू लागल्या. नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेत गेले. संसदेत मराठीतून बोलले. ६ डिसेंबर १९७६ ला ते वारले. ज्या तलाठ्याच्या दप्तरावर त्यांनी १९३० साली पाणी सोडलं होतं, ते दप्तर मात्र शाबूत राहिलं. आज ते संगणकात आहे, सातबारा घरबसल्या निघतो, आणि बांध अजूनही कोरला जातोच.

मळ्यातल्या त्या निवाड्यांतले किती टिकले, कुणाची जमीन कुणाला मिळाली ती कुणाच्या नातवाकडे आहे, कुठली टाकलेली बाई परत नांदायला गेली आणि कुठलीनं साफ नकार दिला, हे मोठ्या ग्रंथांत फारसं सापडत नाही. पुढाऱ्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. ज्यांची भांडणं मिटली त्यांना कुणी विचारलं नाही. डोंबिवली-दिव्यात आणि शीळच्या नव्या टॉवरांत साताऱ्या-सांगलीकडची कुटुंबं कमी नाहीत. तुमचं मूळ गाव वाळवा, तासगाव, कराड, खटाव, पलूस, कडेगाव यांपैकी कुठल्या तालुक्यातलं असेल आणि घरात नव्वदीतले आजी-आजोबा असतील, तर या दिवाळीत गावी जाल तेव्हा मोबाइल चालू करून त्यांच्यापुढे ठेवा. पत्री सरकारविषयी एकदम विचारू नका; ते ऐकलेलं भाषण म्हणून दाखवतील. आधी एवढंच विचारा, की तुमच्या घरातली त्या काळातली लग्नं कुणी लावली, आणि बांधाचं भांडण कुणाकडे नेलं होतं.